कच्चे मांस आणि मांजराचे पोट

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आम्ही एका वाडीवर घरभेटीस गेलो होतो. चहापाणी झाल्यावर घरच्या बाईंनी पडवीतल्या टोपलीकडे बोट दाखवले. टोपलीत तीन महिन्यांचे मांजरीचे पिल्लू निजले होते. बाई म्हणाल्या, "फादर, हिला आम्ही आता दूधभात देत नाही. थोरली मुलगी शहरात कॉलेजला आहे ना, ती सुटीत आली तेव्हा सांगून गेली की मांजराला कच्चे मांसच द्यावे, तेच त्याचे खरे अन्न. तेव्हापासून रोज कोंबडीच्या छातीचे मांस बारीक करून घालते. पहिले चार दिवस पातळ झाले. आता मात्र दिवसाकाठी एकदाच होते, तेही घट्ट, आणि वास म्हणून नाही. दूधभातावर होती तेव्हा पडवीत बसवत नसे. चालू ठेवू ना?"

आम्ही पिल्लाकडे पाहिले. केस तुकतुकीत होते, डोळे स्वच्छ होते. "पोटाला मानवले आहे, चालू द्या," असे सांगून आम्ही निघालो.

दीड महिन्याने त्याच घरून निरोप आला. पिल्लाने भाताच्या कणगीवरून खाली उडी मारली, एवढेच निमित्त झाले आणि मागच्या पायाचे हाड मोडले. घरच्यांनी त्याला शहरात जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि विचारले, "याला खायला काय घालता?" बाईंनी सांगितले. "शौचास कसे होते?" "अगदी उत्तम." डॉक्टर म्हणाले, "तिथेच तुम्ही फसलात. पोट चांगले आहे, पण हाडे कागदासारखी झाली आहेत."

फसलो ते आम्हीही. पोट सुधारले म्हणजे आहार बरोबर, असे आम्ही धरून चाललो आणि विचारणाऱ्या माणसाला तसेच सांगितले. म्हणून या खेपेस या पानावर गुराढोरांऐवजी मांजराविषयी लिहीत आहोत. मांजर म्हणजे शहरातल्या हौसेची गोष्ट, असे कोणी म्हणू नये. ज्याच्या घरात भात, भुईमूग किंवा बियाणे साठवलेले आहे, त्याला मांजराची किंमत ठाऊक आहे.

मांजर म्हणजे लहान गाय नव्हे

प्रत्येक जनावराचे पोट त्याच्या अन्नाप्रमाणे घडलेले असते. बैलाचे आतडे त्याच्या शरीराच्या लांबीच्या सुमारे वीसपट लांब असते, कारण कडबा आणि गवत पचायला फार वेळ लागतो. मांजराचे आतडे त्याच्या लांबीच्या जेमतेम चौपट असते. मांस लवकर पचते, त्याला लांब आतड्याची गरज नाही. आपण भाताचा घास चावतो तेव्हा आपल्या लाळेतच पिष्ट पचायला सुरुवात होते. मांजराच्या लाळेत ते काम करणारा रस नसतो. शिजवलेला भात त्याला थोडाफार पचतो, परंतु पोट भरण्याइतका भात घातला तर पुष्कळसा भाग न पचताच पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात आंबतो.

दुधाचेही तसेच आहे. पिल्लाला आईच्या दुधातील साखर पचते. मोठे झाल्यावर बहुतेक मांजरांत ती पचवण्याची शक्ती कमी होते. मग वाटीभर दूध प्याले की पोट फुगते आणि पातळ होते. मांजराला दूध आवडते हे खरे, पण आवडणे निराळे आणि मानवणे निराळे.

तेव्हा त्या कॉलेजातल्या मुलीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मांजर हे मांसाहारी जनावर आहे आणि नुसत्या दूधभातावर ते नीट पोसत नाही. चूक पुढे झाली, ती कुठे झाली ते पाहू.

आहार पालटला की पोटात काय होते

जनावराच्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू वस्तीला असतात आणि जसे अन्न तशी ती वस्ती असते. भातावर वाढणारे जंतू निराळे, मांसावर वाढणारे निराळे. पचनाचे रसही रोजच्या अन्नाच्या मानाने कमीजास्त पाझरतात. अन्न एका दिवसात पालटले तर जुनी वस्ती उठते, नवी बसायला काही दिवस लागतात, आणि मधल्या काळात शौचास पातळ होते किंवा मांजर ओकते. फ्रिजमधले गारढोण मांस तसेच पुढे ठेवले आणि मांजराने ते हावरटपणे गिळले, तरीही ओकारी होते.

आठवडा-दीड आठवडा गेला की चित्र बदलते. विष्ठा थोडी, घट्ट आणि कमी वासाची होते. काही मांजरे तर एक दिवसाआड शौचास जातात. मांजर खेळत असेल, खात असेल आणि कुंथत नसेल तर त्यात घाबरण्याजोगे काही नाही. कारण सोपे आहे. मांस जवळजवळ सगळे पचते, त्यात चोथा नसतो, तेव्हा बाहेर टाकायला फारसे काही उरतच नाही.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजरांना पाळीपाळीने कच्चे गोमांस, तेच शिजवलेले गोमांस आणि कारखान्यात तयार होणारे कोरडे दाणेदार खाद्य देऊन पाहिले. कोरड्या खाद्यापेक्षा मांसाचा आहार जास्त पचला आणि विष्ठा कमी पडली. परंतु शेतकरी बंधु-भगिनींनी पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: शिजवलेले मांसही कच्च्याइतकेच चांगले पचले. म्हणजे गुण होता तो मांसाचा. मांस कच्चे असल्याने पचनात काही विशेष भर पडली नाही.

विष्ठेवरून काय ओळखावे

गुरांचे शेण पाहून त्यांची प्रकृती ओळखणे आपल्याला नवे नाही. मांजराचेही तसेच पाहावे.

पांढरी, खडूसारखी, हाताने कुस्करेल अशी विष्ठा दिसली तर आहारात हाडे जास्त झाली आहेत. अशा वेळी मलावरोध होतो.

तेलकट, पिवळसर आणि उग्र वासाची विष्ठा असेल तर चरबी किंवा कोंबडीची कातडी जास्त झाली.

काळपट, मऊ, चिकट विष्ठा बहुधा कलेजी किंवा रक्त जास्त खाल्ल्याने होते. पण कलेजी दिलेली नसताना डांबरासारखे काळे पडत असेल आणि मांजर खात नसेल, तर आतून रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. मग घरी थांबू नये.

विष्ठेबरोबर शेंबडासारखा पदार्थ किंवा लाल रक्त पडले तर जंत, जंतुसंसर्ग किंवा हाडाच्या कपच्यांनी आतडे खरचटणे, यांपैकी काहीतरी असते.

पाण्यासारखे जुलाब, वरून ओकारी आणि पिल्लू मलूल, असे दिसले तर "आहार बदलला म्हणून झाले असेल" असे म्हणत बसू नये. लस न टोचलेल्या पिल्लांत याच लक्षणांचा एक विषाणूजन्य रोग होतो आणि तो दोन-तीन दिवसांत जीव घेतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

बोका वारंवार बसतो, कुंथतो आणि काहीच होत नाही, असे दिसले तर ते बद्धकोष्ठ असेलच असे नाही. पुष्कळदा लघवी अडलेली असते. ही तातडीची बाब आहे. रात्र काढू नये.

आणखी एक इशारा. घरातली माणसाची औषधे मांजराला देऊ नयेत. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी आपल्याला साधी वाटते, मांजराला तिचा तुकडाही जीवघेणा ठरू शकतो.

जे विष्ठेवरून कळत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. विष्ठा एवढेच सांगते की पोटात गेलेले अन्न पचले. त्या अन्नात काय नव्हते, हे ती सांगत नाही. तांदळाच्या पोत्यात किडे आहेत की नाहीत हे पोते उघडून कळते, पण बाजारातून मीठ आणायचे राहिले हे तांदूळ कितीही निवडले तरी कळायचे नाही, तसेच हे.

मांजर उंदीर मारते तेव्हा ते नुसते मांस खात नाही. हाडे, रक्त, काळीज, हृदय, आतडी, कातडी असे सगळे त्याच्या पोटात जाते. वर उंदराच्या अंगात दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी असते, म्हणून शिकार करणारे मांजर पाणी थोडेच पिते. उंदीर हा मांजराचा भरलेला डबा आहे. खाटकाकडून आणलेला मांसाचा तुकडा हा त्या डब्यातला एक पदार्थ झाला. आपण घरी "नैसर्गिक आहार" म्हणून तो एकच पदार्थ महिनोन्महिने वाढतो, आणि चार उणिवा हळूहळू उभ्या राहतात.

पहिली उणीव कॅल्शियमची. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस हा कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट असतो. मांजराला दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात लागतात. अन्नातून कॅल्शियम आले नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढते. घरात पैसा नसला की माणूस बियाण्याचे धान्य काढून खातो, त्यातलाच हा प्रकार. वाढत्या पिल्लांत काही आठवड्यांतच याचा परिणाम दिसू लागतो. पिल्लू खेळायचे टाळते, लंगडते, आणि मग लहानशा उडीने हाड मोडते. त्यातही कमरेचे हाड दबून आतला मार्ग अरुंद झाला, तर पुढे जन्मभर शौचास अडचण होते. म्हणजे ज्या पोटाच्या सुखासाठी आहार बदलला, त्याच पोटाचे दुखणे उलट फिरून येते.

दुसरी उणीव टॉरिन या द्रव्याची. मांजराला ते स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही, मांसातूनच मिळवावे लागते. ते कमी पडले की डोळ्यांचा पडदा झिजून आंधळेपणा येतो, हे १९७५ साली उजेडात आले. हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगते, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी दाखवून दिले. कोंबडीच्या छातीच्या पांढऱ्या मांसात टॉरिन फार थोडे असते. मांडीच्या तांबूस मांसात त्याच्या कितीतरी पट असते, आणि हृदयातही भरपूर असते. आपल्या बाईंनी पिल्लावरच्या मायेने सर्वांत महाग आणि सर्वांत स्वच्छ दिसणारा भाग निवडला, आणि नेमका तोच अपुरा निघाला.

येथे एक जुनी हकीकत सांगणे जरूर आहे, कारण कच्च्या मांसाचा पुरस्कार करणारे लोक तिचा दाखला देतात. कॅलिफोर्नियातील मनरोव्हिया गावी फ्रान्सिस पॉटेंजर नावाच्या डॉक्टरांनी १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत शेकडो मांजरांवर प्रयोग केले. कच्चे मांस, कच्चे दूध आणि कॉड माशाचे तेल यांवर वाढलेली मांजरे धडधाकट राहिली. शिजवलेल्या मांसावर वाढलेल्या मांजरांची पिढ्यानपिढ्या खालावत गेली. यावरून "शिजवले की अन्न मेले" असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. परंतु त्या काळी टॉरिनचे हे महत्त्व कोणालाच ठाऊक नव्हते. मांस शिजवताना टॉरिन पाण्यात उतरते. ते पाणी ओतून दिले की मांजराच्या वाट्याला उरलेला चोथा येतो. त्या मांजरांच्या अनेक दुखण्यांमागे टॉरिनची उणीव असावी, असे आज समजले जाते. यातून धडा घ्यायचा तो असा: मांस थोड्या पाण्यात शिजवावे आणि ते पाणी फेकून न देता मांसाबरोबरच मांजराला द्यावे.

तिसरी उणीव जीवनसत्त्व ब-१ ची, आणि ती येते कच्च्या माशांतून. तळ्यात पाळतात त्या कॉमन कार्पसारख्या माशांत आणि काही समुद्री माशांत हे जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. रोज कच्चे मासे खाणारे मांजर आधी अन्न सोडते, ओकते, मग मान खाली पाडून झोकांड्या देते, शेवटी त्याला झटके येतात. वेळेवर ब-१ ची इंजेक्शने मिळाली तर ते लवकर सावरते. मासे शिजवले की ते घातक द्रव्य नाहीसे होते. बाजारच्या दिवशी मासे साफ करताना मांजराला एखादे डोके टाकले म्हणून काही होत नाही. रोजचे जेवण मात्र कच्च्या माशांचे नसावे.

चौथी गोष्ट उणिवेची नसून अतिरेकाची आहे. पोटा-कलेजी स्वस्त मिळते आणि मांजराला आवडते, म्हणून काही घरी रोज कलेजीच घालतात. कलेजीत जीवनसत्त्व अ फार असते. थोडी कलेजी मांजराला हवीच, कारण गाजर-भोपळ्यातून ते जीवनसत्त्व त्याला तयार करता येत नाही. पण महिनोन्महिने रोज कलेजी खाल्ली की मानेची हाडे एकमेकांना जडतात आणि मांजराला मान वळवून अंगही चाटता येत नाही. किलोभर मांसात ५० ग्रॅम कलेजी पुरे.

जे मांजराबरोबर घरात येते

हाडांचा प्रश्न मांजरापुरता आहे. जंतूंचा प्रश्न घरातल्या सर्वांचा आहे. कच्च्या मांसात, विशेषतः कोंबडीच्या मांसात, साल्मोनेलासारखे जंतू असतात. निरोगी मांजर त्यांना पुष्कळदा पुरून उरते, विष्ठाही चांगली राहते, आणि तरी तिच्यातून जंतू बाहेर पडत राहतात. अंगणात रांगणारे मूल आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस यांना ते सोसत नाहीत.

दुसरा आहे टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी. तो १९०८ साली ट्युनिसमध्ये सापडला, आणि मांजराच्या पोटात त्याची अंडी तयार होतात हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले. कच्चे मांस किंवा उंदीर खाऊन मांजराला पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून ही अंडी लाखोंनी पडतात. क्वचित थोडे जुलाब होतात, बहुधा काहीच दिसत नाही. गरोदर बाईला याची नव्याने लागण झाली तर पोटातल्या मुलाला अपाय होतो. शेळ्या-मेंढ्यांच्या चाऱ्यात किंवा पेंडीत ती विष्ठा मिसळली तर त्या गाभडतात. मात्र घाबरून मांजर हाकलून देण्याचे कारण नाही. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करीत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरावी. हे काम गरोदर बाईने करू नये. पेंडीचे पोते आणि चाऱ्याची गंजी झाकून ठेवावी. परसातील भाजी धुऊन खावी, आणि परसात खुरपल्यावर हात साबणाने धुवावेत.

तिसरे संकट अलीकडचे आहे, ते म्हणजे बर्ड फ्लू. मांजराच्या जातीला हा रोग फार वाईट होतो. २०२३ च्या जूनमध्ये पोलंडमध्ये अनेक मांजरे याने मेली, तेव्हा कच्च्या कोंबडीच्या मांसावर संशय आला. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका गोठ्यावर आजारी गाईंचे कच्चे दूध प्यालेल्या सुमारे २४ मांजरांपैकी निम्मी दगावली. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, आणि तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशात छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही तो आढळला. म्हणजे ही दूरदेशची वार्ता राहिलेली नाही. खुराड्यात अकस्मात कोंबड्या मरू लागल्या तर मेलेली कोंबडी मांजरापुढे टाकू नये, उकिरड्यावरही टाकू नये. जनावरांच्या दवाखान्यात वर्दी द्यावी. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मांस ठेवल्याने हा विषाणू मरत नाही, साल्मोनेलाही मरत नाही. ते मरतात चुलीवर. मांस आतपर्यंत ७० अंशांवर तापले, म्हणजे त्याचा गुलाबी रंग पूर्ण गेला, की भय उरत नाही.

मग करावे काय

शिकार करणाऱ्या मांजराला बरेचसे पोषण उंदरांतून मिळते. त्याला घरून दोन घास मांस किंवा मासळी शिजवून द्यावी, म्हणजे ते घराला धरून राहते. उपाशी मांजर जास्त उंदीर मारते हा समज खरा नाही. उपाशी मांजर शेजाऱ्याकडे जाते. आणि जेथे मांजर शिकार करते तेथे उंदरांचे विष ठेवू नये, कारण विषारी उंदीर खाऊन मांजरही मरते.

घरात बंद असलेल्या मांजराचा सगळा भार आपल्यावर असतो. चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे १२० ते १५० ग्रॅम मांस लागते. ते छातीचे नसून मांडीचे असावे, सोबत हृदय असावे आणि वर सांगितली तेवढीच कलेजी. सगळे थोड्या पाण्यात शिजवून पाण्यासकट द्यावे. किलोभर बिनहाडाच्या मांसाला एक सपाट चहाचा चमचा अंड्याच्या टरफलाची पूड मिसळावी. टरफले आधी उकळून, वाळवून, अगदी पिठासारखी वाटावीत. शिजलेली हाडे कधीही घालू नयेत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात. एवढे करूनही हा आहार पूर्ण झाला असे समजू नये. महिनोन्महिने चालवायचा असेल तर काय जोडावे ते पशुवैद्याला विचारावे. वर्षाच्या आतील पिल्लांवर तर घरगुती प्रयोग करूच नयेत. त्यांच्यासाठी मिळणारे तयार पूर्ण खाद्य त्या काळापुरते घेणे हे मोडलेल्या हाडाच्या उपचारापेक्षा स्वस्त पडते.

आपल्या ताटातील रस्सा मांजराला देऊ नये. कांदा आणि लसूण त्याच्या रक्ताचा नाश करतात.

आहार पालटायचा तो सात ते दहा दिवसांत. आधी तीन दिवस पाव हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण, मग सगळे. मांजर नव्या अन्नाला तोंड लावत नाही म्हणून त्याला उपाशी ठेवून वळण लावू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासाने, त्यातही लठ्ठ मांजराचे, यकृत बिघडते.

कच्चे मांस कापलेली विळी, पाट आणि हात साबणाने धुवावेत. मांजराची थाळी वेगळी असावी आणि उरलेले अन्न तासाभरात उचलावे.

ते पिल्लू आता मोठे झाले आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला महिनाभर पेटाऱ्यात ठेवले, योग्य आहार दिला, आणि हाड जुळले. कंबर मात्र थोडी वाकडी राहिली. शौचास त्याला कुंथावे लागते, म्हणून बाई रोज मांसात चमचाभर शिजवलेला लाल भोपळा मिसळतात. उंदीर ते धरते. मागच्या भेटीत बाई म्हणाल्या, "फादर, आता मी नुसती विष्ठा बघत नाही. ती चालते कशी, उडी मारते कशी, तेही बघते." आम्हीही आता कोणी विचारले तर आधी तेच विचारतो.